भोकरदनचा हस्तिदंत आणि ग्रीकांचे जग

ग्रीक संस्कृतीचा इतिहास मराठीत सांगायला घेतला की तो ठरलेल्या वाटेने जातो. आधी क्रीट, मग मायसीनी, मग होमर, अथेन्सची लोकशाही, सॉक्रेटिस, पुढे इ.स.पू. ३२६मध्ये अलेक्झांडर सिंधू ओलांडतो आणि शेवटी ‘भारतावरील ग्रीक प्रभाव’ नावाचे एक आखूड प्रकरण येते. त्या प्रकरणात गांधार शैलीतले बुद्ध असतात, थोडे ज्योतिष असते, थोडी नाणी असतात. दख्खनला त्यात दोन ओळी मिळाल्या तरी पुष्कळ, आणि जालना जिल्ह्याचे नाव तर शोधूनही सापडायचे नाही. या मांडणीत एक गृहीत दडलेले आहे. ग्रीक संस्कृती एका छोट्या द्वीपकल्पाच्या मातीत आपली आपण उगवली, तिथेच पिकली आणि मग बाहेर वाटली गेली. ते देणारे, आपण घेणारे. हे गृहीत दोन्ही टोकांना चुकते. शेवटच्या प्रकरणात ते कसे चुकते हे भोकरदनच्या पांढरीतून निघालेल्या वस्तू दाखवतात, आणि त्याच वस्तूंचा माग धरून मागे गेले तर पहिले प्रकरणही नव्याने वाचावे लागते.

भोकरदन आज जालना जिल्ह्यातले तालुक्याचे गाव आहे, केळणा नदीच्या काठी वसलेले. त्याचे जुने नाव भोगवर्धन. पुराणांनी दक्षिणेकडच्या जनपदांची यादी दिली आहे, तिच्यात भोगवर्धन आहे. आणि त्याहून भरवशाचा पुरावा म्हणजे सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांच्या नावांपुढे हे गाव कोरलेले आहे. इथल्या माणसांनी नर्मदेपलीकडे, शेकडो मैलांवर जाऊन दगडासाठी पैसे मोजले, म्हणजे गावात पैसा होता आणि वाटा माहीत होत्या. १९७३मध्ये नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून इथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते या दोघांनी त्याचा अहवाल लिहिला. सातवाहन काळातल्या थरांतून जे निघाले त्यात मण्यांची श्रीमंती मोठी होती, पण अभ्यासकांच्या नजरा खिळल्या त्या हस्तिदंताच्या एका मोडक्या तुकड्यावर. स्त्रीमूर्तीचा तो खालचा भाग आहे. पायांत भरगच्च दागिने, आणि दोन्ही बाजूंना खुज्या दासी. हाच घाट, हीच मांडणी त्याआधी पस्तीस वर्षे दुसऱ्या एका ठिकाणी सापडली होती, आणि ते ठिकाण होते इटलीतले पॉम्पेई.

पॉम्पेईची ती मूर्ती १९३८मध्ये अमेदेओ माइउरी यांना एका घराच्या उत्खननात मिळाली. ते घर आता ‘भारतीय मूर्तीचे घर’ म्हणूनच ओळखले जाते. मूर्ती जेमतेम वीतभर उंचीची, सुमारे २४ सेंटिमीटर. मधली स्त्री जवळजवळ विवस्त्र आहे, पण अंगावर दागिन्यांची दाटी आहे: गळ्यात हार, कमरेला मेखला, मनगटापासून वर चढत गेलेल्या बांगड्या, पायांत जड वाळे. एक पाय दुसऱ्यावर तिरका टाकून ती उभी आहे. दोन्ही बाजूंच्या दासी बाहेरच्या दिशेला तोंड करून उभ्या आहेत आणि त्यांच्या हातांत प्रसाधनाच्या वस्तू आहेत. डोक्यातून खाली एक भोक पाडलेले आहे. हे भोक महत्त्वाचे, कारण पूजेच्या मूर्तीला कोणी डोक्यातून भोक पाडत नाही. ही आरशाची मूठ असेल किंवा एखाद्या छोट्या चौरंगाचा पाय असेल. काहीही असले तरी ती वापरायची, मिरवायची वस्तू होती. सापडल्यावर तिला ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हटले गेले आणि ते नाव चिकटले ते चिकटलेच. मात्र लक्ष्मीची म्हणावी अशी ठाम खूण तिच्यावर नाही. कमळ नाही, अभिषेक करणारे हत्ती नाहीत. बहुतेक अभ्यासक आज तिला यक्षी किंवा नुसती शृंगार करणारी स्त्री मानतात. रोमन घरात आपली देवी पुजली जात होती, असे अभिमानाने सांगणाऱ्यांची इथे निराशा होईल. पण ती मूर्ती तिथे पोहोचली कशी हा प्रश्न त्या अभिमानापेक्षा जास्त रंजक आहे.

काळाचा प्रश्न व्हेसुव्हियसने सोडवून ठेवला आहे. इ.स. ७९मध्ये ज्वालामुखी उसळला आणि गाव राखेखाली गेले, म्हणजे मूर्ती त्याआधीची. ठिकाणाचा प्रश्न मात्र वादाचा आहे, आणि तो वाद टाळून पुढे जाणे बरोबर नाही. मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतले अक्षर आहे, आणि खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी. अफगाणिस्तानात बेग्रामला भारतीय हस्तिदंताच्या कोरीव कामाचा मोठा साठाही मिळाला आहे. मग मूर्ती तिकडचीच का मानू नये? याला उत्तर असे की तळावर कोरलेले एखादे अक्षर कारागिराची किंवा व्यापाऱ्याची खूण असू शकते. माल ज्या हातांतून गेला त्यांच्यापैकी कोणीही ती घातली असेल. खुद्द नाशिक-पुण्यावर राज्य केलेल्या नहपान क्षत्रपाच्या नाण्यांवर खरोष्ठी आहे, तेव्हा पश्चिम भारताच्या बंदरांत ती वाचणारे कमी नव्हते. याउलट शैलीचा पुरावा दख्खनकडे बोट दाखवतो. भोकरदनचा तुकडा आहे, आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्तीही त्याच घरातली वाटते. म. के. ढवळीकरांसारख्या पुरातत्त्वज्ञांनी पॉम्पेईच्या मूर्तीचे मूळ महाराष्ट्रात शोधले ते यामुळेच. मूर्ती भोकरदनच्याच एखाद्या दालनात घडली असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. ती ज्या कारागिरीच्या परंपरेत घडली, त्या परंपरेत भोकरदन होते, एवढे मात्र म्हणता येते, आणि पुढच्या युक्तिवादाला एवढे पुरते.

ही परंपरा कशी चालत असेल याचा अंदाज बांधायला दोन कोरीव लेख उपयोगी पडतात. सांचीच्या दक्षिण तोरणावर लिहिले आहे की विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी हे रूपकाम केले. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पितळखोऱ्याला जो बुटका यक्ष मिळाला त्याच्या हातावर तो घडवणाऱ्याचे नाव आहे, कान्हदास, आणि त्याचा धंदा सोनाराचा. म्हणजे हस्तिदंत कोरणारा दगड कोरतो, सोनार दगड कोरतो. बारीक कामाचा हात एका माध्यमातून दुसऱ्यात सहज सरकतो. पैठणहून उज्जैनमार्गे विदिशेला जाणारी वाट पाली सुत्तनिपातात बावरी नावाच्या गुरूच्या शिष्यांच्या प्रवासात दिली आहे. भोकरदन याच उत्तर-दक्षिण वाटेच्या टापूत, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेला. त्या वाटेवरून भोगवर्धनचे दाते सांचीला गेले, त्या वाटेवरून कारागीर, नमुने आणि मालही गेला असणार. सांचीलाच एका यवनाचे (हा शब्द मुळात ग्रीकांसाठीचा) दानही नोंदलेले आहे. भोगवर्धनची माणसे आणि तो यवन दोघेही सांचीच्याच दात्यांत होते, हे ध्यानात ठेवावे. यवनांकडे पुढे परत यायचेच आहे.

इथे एक रास्त आक्षेप येतो. पॉम्पेई रोमन गाव; मग ग्रीक संस्कृतीच्या चर्चेत त्याचे काम काय? आक्षेप बरोबर आहे, पण त्यामागची रोम आणि ग्रीस यांच्यातली भिंत आपण पाठ्यपुस्तकात बांधलेली आहे. पॉम्पेई ज्या आखाताच्या काठी आहे तिथे ग्रीक लोक इ.स.पू. आठव्या शतकातच येऊन राहिले होते. इस्किया बेटावरचे पिथेकुसाय, समोरच्या किनाऱ्यावरचे क्युमे, आणि पुढे नापोली, जिचे मूळ नावच ग्रीक आहे. ही सारी ग्रीक वस्ती होती. पूर्वेच्या समुद्रावरच्या व्यापाराची भाषा तर रोमन सत्ता भरात असतानाही ग्रीकच राहिली. भरूच, पैठण आणि तेर यांची माहिती देणारे ‘पेरिप्लस’ हे खलाशी पुस्तक इजिप्तमध्ये राहणाऱ्या कुणा ग्रीक व्यापाऱ्याने पहिल्या शतकाच्या मध्यास ग्रीकमध्ये लिहिले. मलबारच्या मुझिरिसहून निघालेल्या ‘हर्मापोलॉन’ नावाच्या जहाजावरच्या मालाचा कर्जकरार आज व्हिएन्नात आहे, तोही ग्रीकमध्येच. आणि त्या मालात हत्तींचे दीडशेहून अधिक सुळे आहेत. रोम गिऱ्हाईक होता; दलाल, खलाशी, कारकून आणि सावकार ग्रीक बोलत होते.

मग ही ग्रीक भाषा बोलणारी संस्कृती आली कुठून? तिचा उगम सांगण्याचे अनेक मार्ग आहेत, पण हस्तिदंताच्या मागावर असताना हस्तिदंतानेच तो सांगणे सोयीचे. ग्रीसमध्ये हत्ती नाही. तरीही इ.स.पू. तेराव्या शतकात पायलोसच्या राजवाड्यातले कारकून मातीच्या पाट्यांवर हस्तिदंत जडवलेल्या खुर्च्या, मेजे आणि पाय ठेवायच्या चौरंग्यांच्या याद्या करत होते. या पाट्यांची ‘लिनियर बी’ लिपी १९५२मध्ये मायकेल व्हेन्ट्रिसने उलगडली आणि तिच्यामागची भाषा ग्रीक निघाली. पण लिपी त्यांची स्वतःची नव्हती. क्रीटच्या लोकांकडून घेतलेली होती, आणि क्रीटच्या लोकांची मूळ लिपी अजून कोणाला वाचता आलेली नाही. म्हणजे ग्रीक भाषेचा सर्वांत जुना लेख परक्याच्या लिपीत, आणि त्यातली श्रीमंतीची यादी परदेशी मालाची. तुर्कस्तानच्या किनाऱ्यापाशी उलुबुरुनला बुडालेले इ.स.पू. चौदाव्या शतकातले जहाज १९८४ ते १९९४ या काळात पाण्याखाली उकरले गेले, तेव्हा हा माल कसा फिरत होता ते डोळ्यांपुढे आले. सायप्रसचे सुमारे दहा टन तांबे, कथील, काच, आबनूस, हत्तीचे आणि पाणघोड्याचे दात; आणि हे सगळे एकाच जहाजात. कोणत्या एका देशाचे ते जहाज होते हे सांगणे कठीण आहे, आणि तेच त्याचे वैशिष्ट्य.

इ.स.पू. १२००च्या सुमारास हे राजवाडे कोसळले आणि ग्रीसमध्ये लिहिणेच थांबले. पुढची चारेक शतके लिपीवाचून गेली. ओघात आठवण द्यायची तर त्याच सुमारास गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यात जोर्वे संस्कृतीची गावे होती. दायमाबादचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा ही धातूची ओतीव कामे त्याहूनही जुनी मानली जातात. पुढे ही गावेही एकेक करून ओस पडली. या दोन घटनांत काही संबंध होता असे म्हणायचे कारण नाही. जगाच्या दोन कोपऱ्यांत वस्त्या मोडल्या, इतकेच. फरक पडतो तो पुढे. ग्रीकांनी पुन्हा लिहायला सुरुवात केली ती फिनिशियन व्यापाऱ्यांच्या अक्षरांनी, आणि त्यांत स्वरांसाठी स्वतंत्र चिन्हे घातली. हा बदल लहान वाटतो, पण त्याने लिपी शिकणे सोपे झाले. पहिले ऑलिम्पिक सामने परंपरेने इ.स.पू. ७७६चे मानले जातात. त्याच्या मागेपुढेच पिथेकुसायला ग्रीकांची वस्ती पडली आणि तिथल्या एका कबरीत ग्रीक अक्षरे कोरलेले भांडे मिळाले. म्हणजे सर्वांत जुन्या ग्रीक अक्षरलेखांपैकी एक ग्रीसबाहेर, इटलीच्या एका बेटावर आहे. होमरने मेनेलाउसच्या जखमेचे वर्णन करताना जांभळ्या रंगात रंगवलेल्या हस्तिदंताची आठवण काढली आहे, आणि तो रंगवणारी बाई ग्रीक नाही, आशिया मायनरची आहे. इजिप्तच्या नाउक्राटिस बंदरात ग्रीकांची वखार होती, आणि ग्रीक शिल्पातले सर्वांत जुने उभे तरुण डावा पाय पुढे टाकून इजिप्तच्या पद्धतीने उभे राहतात. अखेर ज्या पार्थेनॉनला आपण ग्रीक प्रतिभेचे शिखर मानतो, त्यातली फिडियसची अथेनादेवी, जी इ.स.पू. ४३८मध्ये स्थापन झाली, ती सोन्याची आणि आयात केलेल्या हस्तिदंताची होती.

यावर कोणी म्हणेल, मग ग्रीकांचे स्वतःचे काय उरले? पुष्कळ उरले. फिनिशियनांकडे अक्षरे होती, पण शोकांतिका त्यांनी लिहिल्याचे दिसत नाही. जुन्या इजिप्तकडे मोजमाप होते, पण एखादे विधान सिद्ध करून दाखवण्याची युक्लिडची रीत तिथे नाही. गावातल्या पुरुषांनी चौकात जमून कायद्यावर मत देण्याची अथेन्सची पद्धत कोणाची उसनवारी नव्हती. तीत बायका, गुलाम आणि परदेशी यांना जागा नव्हती हेही सांगून ठेवलेले बरे. घेतलेल्या गोष्टीचे काय केले यावर संस्कृतीची किंमत ठरते, आणि ती किंमत ग्रीकांच्या बाबतीत मोठीच आहे. मुद्दा वेगळा आहे. ग्रीकांची ही निर्मिती बंदरांच्या गजबजाटात झाली, जिथे चार भाषा कानावर पडत आणि घरच्या रीतीला पर्याय असतात हे रोज दिसे. असे जग सुरुवातीपासूनच किनाऱ्यांचे जाळे होते, आणि जाळ्याला शेवटचे टोक नसते. ते वाढत जाते. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस इजिप्तमधले ग्रीक खलाशी मोसमी वाऱ्यावर थेट अरबी समुद्र ओलांडू लागले, तेव्हा ते आपले जुनेच काम नव्या समुद्रात करत होते. त्या वाढीत भरूच आले, कल्याण आले, आणि भरूचच्या मागच्या अंगाला पैठण, तेर आणि भोकरदन आले.

पेरिप्लसमधला दख्खनचा उतारा त्रोटक आहे, पण त्यात चिखलाचा वास आहे. भरूचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तेर. या बाजारपेठांमधून भरूचला माल गाड्यांवर येतो, आणि वाट अशी की जिला वाट म्हणू नये. पैठणहून गोमेदासारखे पट्ट्यांचे खडे मोठ्या प्रमाणात येतात, तेरहून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत अकीक, गोमेद आणि स्फटिक सापडतात. भोकरदनला मण्यांची रेलचेल का, याचे उत्तर त्या दगडातच आहे. भरूचहून निर्यात होणाऱ्या मालाच्या यादीत हस्तिदंत आहे. उलट दिशेने येणाऱ्या यादीत इटलीची दारू आहे, तांबे, कथील, शिसे, पोवळे, कच्ची काच आहे, सोन्याचांदीची नाणी आहेत, आणि राजासाठी चांदीची भांडी, गाणारी मुले आणि सुंदर मुली. शेवटच्या दोन ‘वस्तू’ वाचताना हा व्यापार किती निर्घृण होता तेही कळते. जहाजातून उतरणाऱ्या त्या मुलींपैकी एकीचेही नाव कोणी लिहून ठेवलेले नाही. पेरिप्लस लिहिले गेले आणि पॉम्पेई गाडले गेले ते फार तर एका पिढीच्या अंतराने. म्हणजे मूर्ती गेली त्या सुमाराची वाटच आपल्याजवळ लेखी आहे: डोंगर उतरून खानदेश, तापी, भरूच, मग तांबड्या समुद्रावरचे एखादे बंदर, उंटावरून नाईल, नाईलवरून अलेक्झांड्रिया, आणि तिथून नापोलीचे आखात.

आता प्रभावाची बाजू मांडणाऱ्यांचा सर्वांत जड पुरावा म्हणजे नाणी, आणि तो हातात घेऊन पाहायलाच हवा. १९०६मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी इथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा ढिगारा मिळाला, तेरा हजारांहून अधिक. दर्शनी बाजूला राजाचा उजवीकडे पाहणारा चेहरा, तो चेहरा कोरण्याची कल्पना सरळ बॅक्ट्रिया आणि पंजाबच्या ग्रीक राजांची. पेरिप्लसचा लेखक सांगतो की अपोलोडोटस आणि मिनँडर यांची जुनी नाणी त्याच्या काळीही भरूचमध्ये चालत. नहपानाच्या नाण्यावर चेहऱ्याभोवती ग्रीक अक्षरे आहेत. पण ती अक्षरे जुळवून वाचली तर हाती ग्रीक शब्द लागत नाहीत, प्राकृत लागते: राजा क्षहरात नहपानाचे, एवढेच. मागच्या बाजूला तेच ब्राह्मीत आणि तेच खरोष्ठीत. तीन लिप्या, भाषा एकच. हा प्रभाव म्हणायचा तर म्हणा, पण विद्यार्थ्याने गुरूचा धडा गिरवावा तसा हा नाही. बाजारात ओळखीचे असलेले रूप उचलले आणि त्यात आपले म्हणणे भरले. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केल्यावर या ढिगाऱ्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर स्वतःचे ठसे मारले, चैत्याचा डोंगर आणि उज्जैनचे चिन्ह. एका चकतीवर ग्रीक चेहऱ्याचा घाट, क्षत्रपाचे नाव आणि सातवाहनाचा ठसा असे तीन थर दिसतात. तेर आणि पैठणच्या दोन साच्यांत घडवलेल्या मातीच्या बाहुल्यांबद्दल, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत १९४०च्या दशकात मिळालेल्या कांस्याच्या पोसायडनबद्दलही असेच म्हणता येईल. तंत्र आले, वस्तू आल्या. त्यांनी इथले घडवण्याचे मन बदलले याचा पुरावा मात्र फार थोडा आहे. ब्रह्मपुरीच्या पोसायडनच्या जवळपासही जाणारी समुद्रदेवाची एखादी मूर्ती पुढे दख्खनमध्ये कोणी घडवलेली दिसत नाही.

उलट बाजूचा अतिरेकही तितकाच टाळायला हवा. पॉम्पेईच्या एका घरातली एक मूर्ती म्हणजे रोमवरचा भारतीय प्रभाव नव्हे. ती विकत घेणाऱ्याने तिला बहुधा परदेशी नवलाची वस्तू म्हणून घेतले असेल, आणि तिच्या अंगावरच्या दागिन्यांपेक्षा तिच्या नग्नतेने त्याला भुरळ घातली असण्याचाही संभव आहे. नापोलीच्या संग्रहालयाने तिला कामुक वस्तूंच्या ‘गुप्त’ दालनात ठेवले, त्यावरून नंतरच्या इटालियनांनाही तसेच वाटले असे दिसते. माल जातो तेव्हा अर्थ सोबत जातोच असे नाही. पण कधी कधी जातो. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके या बंदरात २०२२मध्ये बुद्धाची संगमरवरी मूर्ती मिळाली, आणि संगमरवर भूमध्य समुद्राच्या भागातला आहे. तिथेच संस्कृत आणि ग्रीक अशा दोन भाषांतला लेख आणि सातवाहनांच्या राज्यातली दोन नाणी निघाली. ग्रीक बोलणाऱ्या बंदरात, तिकडच्या दगडात, तिकडच्याच हातांनी बहुधा, बुद्ध घडला. गांधारच्या बुद्धाला ग्रीक प्रभाव म्हणायचे असेल तर बेरेनिकेच्या बुद्धाला काय म्हणायचे, हा प्रश्न ‘प्रभाव’ हा शब्द सैलपणे वापरणाऱ्यांनी सोडवावा.

यवनांचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या अनेक खांबांवर दात्यांची नावे आहेत, आणि त्यांत धेनुकाकटचे यवन आहेत: सिंहध्वज, धर्म. जुन्नरला यवन इरिलाने पाण्याची दोन टाकी दिली, यवन चिटाने भोजनमंडप दिला, यवन चंदाने लेण्याचा दर्शनी भाग. इरिल हे नाव परके वाटते, बाकीची जवळजवळ सगळी इथलीच. म्हणून काही विद्वान म्हणतात की हे ग्रीक नव्हतेच; पश्चिमेच्या व्यापारात गुंतलेले इथलेच लोक, किंवा पश्चिमेकडून आलेल्या कोणालाही दिलेले सरसकट नाव. आक्षेपात तथ्य आहे, आणि रक्ताच्या चाचणीने तो सुटणारा नाही. पण ग्रीक असणे म्हणजे काय, यावर खुद्द ग्रीकांचे उत्तर काय होते ते पाहावे. इ.स.पू. ३८०च्या सुमारास अथेन्सच्या इसोक्रेटिसने मांडले की हेलेन हे नाव वंशापेक्षा शिक्षणाला लागू पडते. क्रीटपासून पिथेकुसायपर्यंतचा त्यांचा इतिहास पाहिला तर इसोक्रेटिसने नवे काही सांगितले नाही, आधी घडलेलेच शब्दांत पकडले. तेच जग सह्याद्रीत आले तेव्हा त्यातली माणसे संघाला दान देत होती, प्राकृतात नाव कोरून घेत होती, आणि नावापुढे यवन लिहायलाही विसरत नव्हती. त्यांना स्वतःचे वेगळेपण सोडायचे नव्हते, आणि इथल्या धर्मात शिरायलाही ते वेगळेपण आड येत नव्हते. इरिलचा आजा अलेक्झांड्रियाचा की भरूचचा, यावर मग फारसे काही अवलंबून राहत नाही.

शेवटचा आक्षेप राजकारणाचा आहे. गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिने नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरच्या तिसऱ्या लेण्यात, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी, जी प्रशस्ती कोरवली तीत आपल्या मुलाला शक, यवन आणि पल्हव यांचा नाश करणारा म्हटले आहे. म्हणजे सातवाहनांच्या दृष्टीने यवन शत्रूच होते. मग ही देवाणघेवाणीची गोड कथा कशी टिकते? सातवाहन आणि क्षत्रप यांच्यातल्या युद्धांचा व्यापारालाही फटका बसला होता. पेरिप्लस सांगते की कल्याणला चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भरूचला नेली जात. पण प्रशस्तीतला यवन हा दरबारी यादीतला यवन आहे. क्षत्रपांच्या बाजूने लढलेले कोणी असतील, किंवा शत्रूंच्या नावांची परंपरागत माळ असेल. त्याच डोंगरात, त्याच लेण्यांच्या रांगेत, चालत थोडे पुढे गेले की सतरावे लेणे लागते. ते इंद्राग्निदत्ताने खोदवले आहे. लेखात तो स्वतःची ओळख देतो: उत्तरेकडचा, दत्तामित्री गावचा, यवन धर्मदेवाचा मुलगा. लेणे त्याने आपल्या आईवडिलांच्या पुण्यासाठी, मुलासोबत, संघाला दिले. बलश्रीचे पाथरवट आणि इंद्राग्निदत्ताचे पाथरवट यांच्या कामात फार तर काही दशकांचे अंतर आहे, आणि दोघांचीही लेणी बौद्ध भिक्षूंसाठीच होती.